जेंबे, नपुंसकलिंगी एकवचन

४ मार्च, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी पुन्हा नियमितपणे लिहिणार. घरात शांतता आहे आणि वेळ विपुल आहे. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून अशी अनुकूलता प्रथमच लाभली.

ही (सौभाग्यवती) कन्येकडे 'आठ दिवसांसाठी' गेली, त्यास आज पंधरा दिवस झाले. 'आठ दिवस' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत सैलपणेच केला जातो. काळजीचे कारण नाही.

परतणार, याचे पुरावे : केस वाळवण्याचे यंत्र न्हाणीघरातील खुंटीवर आहे. आणि जेंबे खिडकीपाशी आहे. पहिला पुरावा पुरेसा असून दुसरा निर्णायक आहे. पेल्याच्या आकाराचे लाकडी खोड, तोंडावर बकऱ्याचे कातडे, भोवती दोऱ्यांची जाळी. पश्चिम आफ्रिकेतले हे हातांनी वाजवायचे वाद्य हिला साठाव्या वर्षी सापडले. गेली अकरा वर्षे दर गुरुवारी ते जाड कापडी पिशवीत घालून ही चौकातल्या सभागृहात जाते. ते टाकून ही कोठेही राहणार नाही.

संकल्प : ही येईपर्यंत घर निर्दोष करणे. न्हाणीघर, कपाटे, जेंबे, या क्रमाने.

६ मार्च

कन्येस सकाळी नऊ वाजता फोन केला. आई आंघोळीला गेलीय, बाबा, असे म्हणाली. दुपारी दोन वाजता केला. आंघोळीला. सायंकाळी पाच वाजता केला. या वेळी जावयाने उचलला. त्याने आधी 'अं' असा उद्गार काढला आणि मग आंघोळीला असे सांगितले. त्या शहरात पाणी मुबलक असावे.

कन्या आईविषयी बोलताना 'ती' म्हणते. ती बरी आहे, ती जेवते, ती फिरायला जाते. जवळच्या व्यक्तीस 'ही', लांबच्या व्यक्तीस 'ती', हा दर्शक सर्वनामांचा प्राथमिक नियम मी तिला सातव्या वर्षी शिकवला होता. आई तिच्या घरात, तिच्या शेजारच्या खोलीत. तेव्हा तिने 'ही' म्हणावयास हवे आणि मी 'ती'. प्रत्यक्षात उलट चालले आहे, हे तिच्या लक्षात आणून दिले. ठेवते, बाबा, असे म्हणाली.

मी 'ही' असेच लिहिणार. अंतर तात्पुरते आहे.

९ मार्च

न्हाणीघर व कपाटे झाली. आज जेंबे हाती घेतले.

कातड्यावर अकरा वर्षांचे तळव्यांचे डाग होते. दोन काळसर वर्तुळे, डावे किंचित मोठे. साबणाचे पाणी व मऊ ब्रश वापरला. ऐंशी टक्के डाग गेले. कातडे मात्र सैल पडले. थाप मारली असता ओल्या पिशवीसारखा आवाज येतो.

उद्या उपाय करणार. केस वाळवण्याचे यंत्र घरात आहेच.

१० मार्च, सकाळी ११.४०

यंत्र पंचवीस मिनिटे चालवले, सर्वांत अधिक उष्णतेवर. दोऱ्याही आवळल्या. कातडे उत्तम ताणले गेले. हिला सुखद धक्का बसेल.

११.५५

टर्र. (अनुकरणवाचक शब्द.)

मध्यापासून काठापर्यंत.

१२ मार्च

वाद्ये दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. पिशवी घरी ठेवली, जेंबे चादरीत गुंडाळून नेले. चादर बाजूला करताच तो म्हणाला, अरे, ही तर बाईंची. मी म्हणालो, हे. त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, म्हणजे तुम्हीच का ते. माझे नाव त्याच्यापर्यंत पोहोचले आहे हे पाहून समाधान वाटले.

साबण, असे त्याने दोनदा म्हटले. प्रश्न नव्हता, उद्गारही नव्हता. नवे कातडे मिळवायचे, भिजवायचे, ताणायचे, सावलीत वाळू द्यायचे. महिना दीड महिना तरी लागेल. घाई केली की पुन्हा फाटतं, काका, कातड्याला कळतं, असे म्हणाला. कातड्यास काय कळणार.

जाता जाता त्याने सांगितले की बाई फेब्रुवारीत येऊन गेल्या, ही देता येईल का असे विचारत होत्या. अर्थात दुरुस्तीस देता येईल का, असा अर्थ घ्यावा लागतो. कोणास व कशासाठी हे वाक्यात अध्याहृत ठेवले की असे गैरसमज संभवतात. हिला मी पूर्वीही हे सांगितले आहे.

१५ मार्च

पर्याय सुचला. ही लवकर आली तर खिडकीपाशी रिकामी जागा दिसू नये. आधुनिक कृत्रिम जेंबे मिळते असे समजले. वाद्यांच्या दुकानात गेलो.

विक्रेत्यास विचारले, जेंब्याचे कृत्रिम प्रकार दाखवाल का. त्याने विचारले, जेंब्या कोण, तुमचा नातू का. 'भांडे'पासून 'भांड्याचे', 'तळे'पासून 'तळ्याचे', त्याचप्रमाणे 'जेंबे'पासून 'जेंब्याचे', हे त्यास समजावून दिले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि मागे वळून हाक मारली, अरे, त्या जेंबेतली फायबरची काढ.

एक आणले. खोड फायबरचे, रंग निळा, तोंडावर प्लॅस्टिकचा पडदा, दोऱ्यांऐवजी स्क्रू आणि एक चावी. मुलाबाळांच्या खेळण्यासारखे दिसते. परंतु पूर्वग्रह नको.

१७ मार्च

संकल्प : 'कृत्रिम व नैसर्गिक जेंब्यांचे गुणदोष' असे टिपण सिद्ध करणे. ही आल्यावर वाचून दाखवणार. कोणते ठेवावे याचा निर्णय हिने वस्तुनिष्ठपणे घ्यावा.

गुण. वजन निम्मे. दमट हवेत सैल पडत नाही, कोरड्या हवेत ताणले जात नाही, काल होते तसे आज असते. साबणाने पुसता येते (हा गुण आधी ठाऊक असता तर). झाड तोडावे लागत नाही, बकरा मारावा लागत नाही. रुसत नाही. 'रुसत नाही' हा शब्दप्रयोग टिपणात शोभत नाही, पण हिचे जेंबे ढगाळ दिवशी रुसते असे ही म्हणत असे. म्हणते.

दोष. अद्याप आढळला नाही.

दुपारी एक तास वाजवून पाहिले. वरच्या मजल्यावरील नर्सबाई सपाता घालून खाली आल्या. त्यांची रात्रपाळी असते. म्हणाल्या, काका, बाई वाजवायच्या तेव्हा मला झोप लागायची, तुम्ही वाजवता तेव्हा जाग येते. म्हणजे या वाद्याचा आवाज अधिक स्पष्ट आहे. गुणांत नोंद केली.

२० मार्च, गुरुवार

मोठा संकल्प : ही येईपर्यंत जेंबे शिकणे. ही दारात येईल तेव्हा मी वाजवत असेन. विनोद म्हणूनही चांगले आणि प्रत्यक्षातही.

सभागृहात गेलो. गोल मांडलेल्या खुर्च्या, नऊ बायका. हिच्या खुर्चीत बस चालवणाऱ्या बाई बसल्या होत्या. बाईच म्हणाल्या बस तू, असे त्यांनी सांगितले. तात्पुरती व्यवस्था.

वर्ग चालवणाऱ्या बेकरीवाल्या बाईंनी खुर्ची दिली. त्या थोड्या चाचरल्या. त्याचे कारण मला ठाऊक आहे. पंधरा फेब्रुवारीला याच सभागृहात त्यांचा कार्यक्रम झाला. हिने आयुष्यात प्रथमच भाषण केले. कागद लिहिला होता, पण मला तपासू दिला नव्हता. परिणाम व्हायचा तोच झाला. 'माझी जेंबे मला साठीत भेटली. ती' असे म्हणून ही श्वास घेण्यास थांबली, तेव्हा तिसऱ्या रांगेतून मी 'ते' एवढेच म्हणालो. एक अक्षर. श्रोते हसले, म्हणजे त्यांनाही पटले. हिने कागदाची घडी घातली आणि खाली बसली. वाजवले मात्र अप्रतिम. घरी येताना एक शब्द बोलली नाही, फार दमली असावी. दोनच दिवसांनी कन्येकडे गेली, विश्रांतीसाठी.

याच शब्दावरून अकरा वर्षे आमची गोड चर्चा चाले. मी म्हणे, एकारान्त नाम, भांडे, तळे, डोके यांच्या रांगेतले, म्हणून नपुंसकलिंगी. ही एकदा म्हणाली, जी एवढं बोलते ती 'ते' कशी असेल. हे प्रमाण व्याकरणात चालत नाही.

आज तीन थापा शिकलो : मधली खोल, काठावरची साधी आणि बोटे सोडून दिलेली उघडी.

२७ मार्च, गुरुवार

दुसरा वर्ग. प्रगती समाधानकारक. मात्र या मंडळींची एक पद्धत मला मान्य होण्यासारखी नाही.

माझी थाप चुकली की मी हात वर करून 'चुकले' असे जाहीर करतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. छापखान्यात अडतीस वर्षे याच शिस्तीने मुद्रिते तपासली. एक अक्षर चुकले की पान थांबते. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, काका, चुकलं तरी थांबायचं नाही, ती गेली, पुढची पकडायची. मी विचारले, मग चुकलेलीचे काय. त्या म्हणाल्या, काही नाही, ती गेली ना.

आज मी सतरा वेळा थांबलो. माझ्यामागे गोल सतरा वेळा मोडला. बस चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, काका, तुमच्यासारखा सिग्नल माझ्या अख्ख्या रूटवर नाही. हशा पिकला. वातावरण खेळीमेळीचे आहे.

उजवा तळवा सुजला आहे.

२ एप्रिल

कन्येस फोन. आई बाहेर गेलीय. आंघोळीतून बाहेर आली, हीच प्रगती. कोठे गेली असे विचारले. क्लासला, असे म्हणाली, आणि मग, अहो म्हणजे भाजी आणायला. 'क्लास' या नावाचा भाजीबाजार असू शकतो.

परतीचे विचारले. बाबा, तुम्ही जेवलात का, असे म्हणाली. हे उत्तर नव्हे.

५ एप्रिल

कृत्रिम जेंबे हिच्या पिशवीत नीट बसते का पाहत होतो. पिशवीच्या कप्प्यात घडी घातलेला कागद सापडला. भाषण.

उरलेला मजकूर असा : 'ती आली तेव्हा वाटलं, ही काय माझ्यानं वाजणार. घरी मी बोलले की चूक निघते, म्हणून मी कमी बोलते. हिच्याशी बोलताना मधे कुणी थांबवत नाही. हिनं मला थांबवलं नाही म्हणून मी आज तुमच्यापुढं उभी आहे.'

दोनदा वाचला.

आशय चांगला आहे. वाक्ये आटोपशीर आहेत. लाल पेन्सिलीने अकरा चुका दुरुस्त केल्या. 'माझ्यानं' नव्हे 'माझ्याने', 'मधे' नव्हे 'मध्ये', 'हिच्याशी' नव्हे 'याच्याशी', इत्यादी. खाली 'भाषेत लक्षणीय सुधारणा आहे' असा शेरा दिला. असा शेरा मी हिला यापूर्वी कधीही दिलेला नाही. आनंद होईल.

पोस्टात टाकला.

१० एप्रिल, गुरुवार

वर्गात आज अकरा वेळाच थांबलो. वर्ग सुटल्यावर बेकरीवाल्या बाईंना त्या कागदाविषयी सांगितले. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, खाली ठेवली, आणि विचारले, काका, तुम्ही तो पाठवला, लाल करून. मी होय म्हणालो. त्या बराच वेळ खुर्च्या एकावर एक रचत राहिल्या. मग पावाची एक लादी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, घरी काही खात जा.

टिपणातील 'दोष' या रकान्यात आज पहिली नोंद. थाप संपल्यावरही पडद्यातून बारीक झणकार येत राहतो. कातड्याचा आवाज संपला की संपतो. तो पोटात उतरतो, हा कानाशीच राहतो.

आणखी एक. कातडे हाताखाली हळूहळू उबदार होते, असे आज बस चालवणाऱ्या बाईंच्या जेंब्यावर हात ठेवला असता जाणवले. कृत्रिम पडदा तासभर वाजवला तरी होता तसाच राहतो. हा मी गुणांत लिहिला होता. 'काल होते तसे आज असते.' तूर्त दोन्ही रकान्यांत ठेवला आहे.

१४ एप्रिल

कागद एव्हाना पोहोचला असेल. हिचा फोन येणार, यात शंका नाही. बोलावयाचे वाक्य आधीच ठरवून ठेवले पाहिजे.

पहिला खर्डा : 'तू परत यावेस अशी माझी इच्छा आहे.' विध्यर्थ. शुद्ध, पण कार्यालयीन.

दुसरा : 'परत येशील का?' भविष्यकाळ, प्रश्नार्थक. यात नकारास वाव राहतो.

तिसरा : 'ये.' आज्ञार्थ, एकाक्षरी. यात चुकीस जागाच नाही.

तिसरा निश्चित केला. चहा घेताना सात वेळा म्हणून पाहिला. सातव्या वेळी आवाज नीट आला नाही. सर्दी होणार असे दिसते.

१९ एप्रिल, दुपारी ४.२०

फोन आला. हिनेच केला.

कागद मिळाला, असे म्हणाली. अकरा मोजल्या, असे म्हणाली. मी म्हणालो, त्यांतल्या चार किरकोळ आहेत. बरं, असे म्हणाली. औषधे घेता का, असे विचारले. मी होय म्हणालो. मग म्हणाली, तुम्हाला सांगायचं होतं, मी इथं नवी जेंबे घेतली.

मी म्हणालो, नवे.

मागे कोणीतरी भांडी लावत होते. मग ही म्हणाली, ठेवू का. फोन बंद झाला.

तिसरा खर्डा म्हणावयाचा राहिला. संपर्क अचानक तुटल्यामुळे.

४.५०

संपर्क तुटला नव्हता.

२२ एप्रिल

कन्येने फोनवर चित्रफीत पाठवली. सोबत मजकूर : 'बाबा, आई इथेच राहणार आहे. थोडे दिवस तिला फोन करू नका. तुमच्यावर रागावलेली नाही, खरंच. तिथली जेंबे ग्रुपला देऊन टाका म्हणाली.'

मजकुरात एकही चूक नाही. मी शिकवलेली मुलगी.

चित्रफीत दोन मिनिटे आठ सेकंदांची आहे. कोणत्यातरी बागेत गोल बसलेली माणसे. पाऊस भुरभुरत आहे आणि कोणीही उठत नाही. ही मध्ये. मांडीत निळे जेंबे, फायबरचे, स्क्रूचे. माझ्याकडे आहे तेच. कोणीतरी विचारते, भिजली तर चालेल का. ही म्हणते, हिला काही होत नाही, हिला जपावं लागत नाही. हाच गुण माझ्या टिपणात दुसऱ्या क्रमांकावर आहे. आमचे मत जुळले.

केस मानेपर्यंत कापले आहेत. यंत्राची गरज नाही.

एक मिनिट बाराव्या सेकंदाला हिची थाप चुकते. स्पष्ट चुकते. ही हसते आणि पुढची पकडते. चित्रफीत चौदा वेळा पाहिली, चूक खरोखरच आहे का, हे तपासण्यासाठी. आहे. हिचे असे हसणे मी पूर्वी केव्हा पाहिले होते, ते आठवत बसलो. या नोंदीसाठी तारीख हवी होती. सापडली नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

वर्गास गेलो. एकदाही थांबलो नाही. चुका किती झाल्या ते मोजले नाही. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, काका, आज जमलं. बस चालवणाऱ्या बाई त्या खुर्चीतून उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या. ती खुर्ची मग रिकामीच राहिली.

निळे जेंबे सभागृहातच ठेवून आलो. टिपण अपूर्ण राहिले. ऐकणारे कोणी नाही.

२ मे, सकाळी १०.३०

वाद्ये दुरुस्त करणारा स्वतः घरी आला. नवे कातडे पांढरे आहे, त्यावर अजून एकही डाग नाही. खोडाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती : 'बाईंची जेंबे. जपून.' लाल पेन्सिल हातात घेतली होती. ठेवून दिली.

कोण वाजवणार आता, असे त्याने विचारले. बघू, असे म्हणालो. ग्रुपला द्यायची आहे. गुरुवारी. किंवा त्याच्या पुढच्या.

तो गेल्यावर खिडकीपाशी ठेवली, पूर्वीच्या जागी. शेजारी बसून काठाजवळ एक साधी थाप मारली. वरच्या नर्सबाई खाली आल्या नाहीत. हात बराच वेळ तिच्यावर तसाच ठेवला. ऊब यायला वेळ लागतो, पण येते.

ही आली.

ती येणार नाही.

दोन्ही वाक्ये दोनदा तपासली. चूक सापडली नाही.